मागल्या दाराची पेढी

खूप मागली गोष्ट आहे. किती मागली म्हणाल, तर मला जिनं सांगितली तिलाही ती कुणाकडून तरी ऐकूनच ठाऊक होती. तेव्हा साल विचारू नका, राजाचं नाव विचारू नका. लहानांनो, पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही बसा. खरं सांगायचं तर ही गोष्ट तुमचीच जास्त आहे.

एक बाजारपेठेचं गाव होतं. त्या गावात एक पेढी होती. गावची माणसं आपली शिल्लक तिथे ठेवायची आणि पाच पंच ती सांभाळायचे. पाचांतले थोरले पंच म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. कपाळाला गंध, खांद्यावर जरीकाठी उपरणं आणि बोलणं असं मऊ, की माणूस काय मागायला आलो होतो तेच विसरून घरी जायचा.

आता या पेढीची एक रीत होती. ती नीट ऐका, कारण सगळं पाणी तिथेच मुरलं.

पेढीला दोन दारं होती. पैसे ठेवायला जायचं ते पुढल्या दारानं, भर चौकातून. ठेवणारा उंबऱ्यावर आला की घंटा वाजायची, त्याच्या हातावर गुळाचा खडा पडायचा आणि शिपाई खणखणीत आवाजात पुकारायचा, "अमक्याच्या घरी लक्ष्मी आली होऽऽ!" चौकातली माणसं माना वळवून बघायची आणि अमका छाती पुढे काढून आत जायचा.

पैसे काढायला मात्र मागल्या दारानं जायचं. तिथे जायला एक अरुंद बोळ होता, त्यातून गावाचं सांडपाणी वाहायचं. तिथे घंटा नाही, गूळ नाही. बायका पदर पुढे ओढून जायच्या, पुरुष मुंडाशाचं टोक तोंडावर घ्यायचे. कुणी बोळात शिरताना दिसला रे दिसला, की संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं, "त्यांचं काही खरं नाही हो आता. बोळात दिसले म्हणे."

म्हणजे बघा हं! पैसा स्वतःचा, घाम स्वतःचा, आणि परत घेताना तोंड लपवायचं! कुणा जुन्या पंचानं ही रीत पाडली ती चांगल्या मनानंच, गावाला बचतीची सवय लागावी म्हणून. सवय लागलीही. पण तिच्याबरोबर लाजही लागली. एका सोनारानं तर पेढीत हजार रुपये असताना पोरीच्या लग्नासाठी परगावच्या सावकाराकडून व्याजानं कर्ज काढलं, पण बोळात पाय ठेवला नाही. असं गाव! त्यामुळे पेटीतला पैसा बाहेर काढायची वेळ पंचांवर फारशी यायचीच नाही, आणि पेटीत किती उरलंय हे बघायची वेळ गावावर कधीच आली नाही.

त्या गावात कोंडाबाई नावाची एक तेलीण राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव राणोजी. दोघांचा एक तेलघाणा होता आणि घाणा ओढायला पवळ्या नावाचा एक बैल. राणोजी घाणा चालवायचा, कोंडाबाई डोक्यावर तेलाची कासंडी घेऊन गावभर विकायची. तिचा आवाज म्हणजे काय सांगू! "करडईचं तेऽऽल!" अशी हाक एका आळीत मारली, की तिसऱ्या आळीतली बाई वाटी घेऊन दारात यायची.

पवळ्या म्हातारा होणार, हे कोंडाबाईला तो तरणा होता तेव्हाच ठाऊक होतं. म्हणून ती दर बाजाराला चार आणे पेढीत ठेवायची. सणाला लुगडं घेतलं नाही, कधी जत्रेत बांगडी भरली नाही, पण चार आणे चुकले नाहीत. बावीस वर्षं. व्याज धरून तिचे तीनशे चाळीस रुपये झाले होते. तीनशेला चांगला उमदा, घाण्याला शिकवलेला बैल यायचा. राणोजी म्हणायचा, "पवळ्या गेला तरी आपण उघडे पडणार नाही गं." आणि कोंडाबाईला त्या बोलण्यानं रात्री झोप लागायची.

एके दिवशी दुपारी पवळ्या घाण्याला जुंपलेला असतानाच खाली बसला, तो उठलाच नाही. दोघांनी त्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. तिन्हीसांजेला तो गेला. कोंडाबाई पोटचं पोर गेल्यासारखी रडली.

तिसऱ्या दिवशी तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि सांडपाण्यातून उड्या मारत ती मागल्या दाराशी गेली. कारकून म्हणाला, "आज पेटीची किल्ली थोरल्या पंचांकडे आहे. उद्या या."

ती उद्या गेली. कारकून म्हणाला, "आज थोरले पंच परगावी आहेत. परवा या."

ती परवा गेली. कारकून पुन्हा "उद्या" म्हणाला, तेव्हा तिचा तोल सुटला. "अरे, भीक मागतेय का मी? बैल मेलाय माझा! घाणा बंद पडलाय!" असं ती ओरडली, आणि तो आवाज बोळातून पार चौकात गेला. कारकुनानं घाईघाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव उठून बघतं, तर पेढीच्या दोन्ही दारांना कुलपं!

आता पैसा गेला कुठे? हत्तींनी खाल्ला. हसू नका, खरंच सांगतेय. थोरल्या पंचांच्या मेव्हण्याला हत्तींचा व्यापार करायची हुक्की आली होती. राजा लढाईला निघणार आणि हत्तींना सोन्याचा भाव येणार, असा त्याचा हिशेब. थोरल्या पंचांनी गावाच्या ठेवी उचलून त्याला दिल्या, त्यानं चाळीस हत्ती घेतले. आणि राजानं काय केलं? शेजारच्या राजाशी सोयरीक केली! लढाई बारगळली. हत्ती मात्र खायचे थांबले नाहीत. ऊस खाल्ला, केळी खाल्ली, कोंडाबाईचे बावीस वर्षांचे चार-चार आणे खाल्ले. आणि जे हत्तींच्या तोंडातून सुटलं, ते पंचांनी आपसांत वाटून गुपचूप घरात पुरलं.

तुम्ही म्हणाल, गाव खवळलं असेल. छे! इथेच तर माझं डोकं फिरतं. कुणी ब्र काढला नाही!

पाणवठ्यावर बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमचं किती होतं हो पेढीत?" आणि दुसरी घागर घासत म्हणायची, "आमचं? छे बाई, काही नव्हतं फारसं." ही म्हणणारी कासारीण. तिचे सहाशे गेले होते. सासरच्यांना कळू न देता बांगड्यांच्या धंद्यातून साठवलेले. तिला रात्री घास उतरत नव्हता.

पंतोजी पोरांना पाढे शिकवायचे. त्यांची म्हातारपणाची सगळी पुंजी गेली होती. पण कुणी विचारलं की म्हणायचे, "मी शहाणा माणूस. मी कशाला ठेवतोय तिथे?"

आणि एक म्हातारा शिलेदार होता. जवानीत राजासाठी तीन लढाया लढलेला, मिशांना पीळ देणारा. त्याचे दीड हजार बुडाले होते. एक वेळ जेवून दिवस काढत होता, पण पारावर बसून ढेकर द्यायचा, का तर लोकांना वाटावं पोटभर झालंय.

फसलो असं म्हणायची प्रत्येकाला लाज. ज्याचं जास्त गेलं, त्याला जास्त लाज. आणि कोंडाबाईसुद्धा काही वेगळी नव्हती बरं का. "काय गं, घाणा का बंद?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "चांगला बैल मिळेना बाई, शोधतोय." मग दार लावून घ्यायची आणि नवरा-बायको मिळून घाण्याचं लाकूड स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. जिथे बैल फिरायचा, तिथे ती दोघं फिरायची. आधी राणोजीचे गुडघे सुजले, मग तिचे. खांद्यांची सालपटं निघाली. दिवसाकाठी बैल जेवढं तेल काढायचा, त्याच्या पाव हिस्सासुद्धा निघेना.

ही बातमी कशी कोण जाणे, राजाच्या कानावर गेली. राजानं चौकशीला एक अमलदार धाडला. अमलदार सरळ माणूस, पण नियमाचा पक्का. त्यानं चावडीवर बसून दवंडी पिटवली:

"पेढीत ज्याचं काही बुडालं असेल, त्यानं पावती घेऊन चावडीवर यावं. दावा उभ्यानं, मोठ्यानं, चारचौघांत सांगावा. गुपचूप सांगितलेला दावा धरला जाणार नाही. आठ दिवस मी इथे आहे. आठव्या दिवशी दुपारी मी निघेन. कुणाचा दावा नसेल, तर कुणाचा गुन्हाही नाही."

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. लोक चावडीवरून जायचे, आत डोकावायचे, आणि पुढे निघून जायचे. उभ्यानं, मोठ्यानं, चारचौघांत! ज्या गावानं स्वतःचे पैसे काढतानासुद्धा तोंड झाकलं, ते गाव हे कसलं करतंय?

थोरले पंच रोज अमलदाराला भेटायला यायचे. सोबत केशराचं दूध. "बघा ना सरकार," ते मऊ आवाजात म्हणायचे, "कुणाचं काही गेलं असतं तर आलं नसतं का कुणी? पेढी जरा विश्रांतीला बसली, इतकंच."

अमलदार दूध प्यायचा नाही, पण कोरा कागद बघून त्याच्याही कपाळाला आठ्या पडायच्या.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी भरदुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, थोरले पंच स्वतः कोंडाबाईच्या घाण्यावर आले. दोघं घाणा ओढत होती. पंचांना बघून राणोजी एवढा गडबडला, की खांद्यावरचं लाकूड टाकून हात जोडून उभा राहिला.

"असू दे, असू दे," पंच म्हणाले. "कोंडाबाई, तुझे हाल बघवत नाहीत गं मला. उद्या पहाटे मागल्या दाराशी ये. तुझे तीनशे चाळीस तुझ्या हातावर ठेवतो. वर दहा माझ्याकडून, बैलाच्या झुलीला."

राणोजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "देव आहात तुम्ही, मालक," असं तो म्हणाला.

कोंडाबाईनं पदरानं घाम टिपला. आनंद तिलाही झाला, खोटं कशाला बोलू? तिला एका क्षणात बैल दिसला, त्याची शिंगं दिसली. पण ती बाई चार पैशांचं तेल विकतानाही माप तीनदा बघणारी. तिनं विचारलं, "मला देताय, ते चांगलंच झालं. पण बाकीच्यांचे?"

"बाकीच्यांनी मागितलेत कुठे?" पंच हसले. "तू जरा मोठ्यानं बोलतेस, म्हणून म्हटलं, आधी तुझं मिटवावं."

"म्हणजे मी चावडीवर जाऊन ओरडू नये, म्हणून?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी. तिथे चारचौघांत उभं राहून फसले म्हणून सांगणार? लोक काय म्हणतील? मी तुझी लाज राखतोय, कोंडाबाई."

बास! तिथेच ठिणगी पडली. बैल मेला तेव्हा ती रडली होती, पेढीला कुलूप लागलं तेव्हा कळवळली होती. पण 'तुझी लाज राखतोय' हे ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझी लाज?" ती म्हणाली. "मी काय केलं हो? मी चार आणे ठेवले, ते तुम्ही हत्तीला चारले. यात माझी लाज कुठून आली? बरं, पैसे द्यायचे म्हणताय ना? मग द्या. पण मागल्या दारानं नाही. पुढल्या दारानं द्या, भर चौकात, घंटा वाजवून. आणि माझ्या मागे जे उभे राहतील त्यांनाही द्या."

पंचांच्या आवाजातलं लोणी क्षणात नाहीसं झालं. "मग बस ओढत," ते म्हणाले आणि चालते झाले.

त्यानंतर घरात जे भांडण झालं, ते विचारू नका. राणोजी आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर ओरडला. "डोकं फिरलंय का तुझं? दारात आलेला बैल परत धाडलास! तुझे गुडघे बघ. माझे बघ. गाव आपलं कोण लागतं? आपण मोडून पडलो तर कासारीण येणार आहे घाणा ओढायला?"

तो काही खोटं बोलत नव्हता. कोंडाबाई कोपऱ्यात बसून मुसमुसली. एकदा तर तिला वाटलं, उठावं, पंचांच्या घरी जावं, पाय धरावेत. गुडघे ठणकत होते. मग तिच्या मनात आलं, पेढी रिकामी झाली म्हणतात ना? मग मला द्यायला साडेतीनशे आले कुठून? म्हणजे पैसा आहे. आपल्या सगळ्यांचा पैसा आहे. आणि आपण सगळे तोंड झाकून बसलोय, म्हणून तो ह्यांच्याकडे आहे. एवढं कळल्यावर तिला पाय धरायला जाता येईना.

आठव्या दिवशी सकाळी ती उठली, पावत्यांचं गाठोडं घेतलं आणि निघाली. राणोजी तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्यानं वळूनही बघितलं नाही.

चावडीवर अमलदाराचा घोडा खोगीर घालून तयार होता. थोरले पंच निरोप द्यायला हार घेऊन आले होते. गाव गोळा झालं होतं, पण ते मजा बघायला. कोंडाबाई गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि चावडीच्या पायरीवर उभी राहिली. पदर सवयीनं डोक्यावरून पुढे आला होता.

"मी कोंडाबाई तेलीण," ती म्हणाली. तिसऱ्या आळीत जाणारा आवाज पहिल्या पायरीवरच अडकला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

ते हसू ऐकलं मात्र, तिनं डोक्यावरचा पदर मागे टाकला, कमरेला खोचला आणि तेल विकताना मारायची तशी हाक मारली:

"मी कोंडाबाई तेलीण! माझे तीनशे चाळीस रुपये पेढीनं बुडवले! हे बघा पावत्यांचं गाठोडं! बावीस वर्षं दर बाजाराला मी वाजतगाजत पुढल्या दारानं गेले, आणि माझेच पैसे मागायला तोंड झाकून घाणीतनं गेले. का झाकलं मी तोंड? मी कुणाच्या घरावर दरोडा घातला होता? माझा बैल मेलाय. मी आणि माझा नवरा, आम्ही बैलासारखे घाणा ओढतोय. चांगला बैल मिळेना, असं तुम्हाला सांगत होते ते खोटं होतं. मी फसले! मोठ्यानं सांगते, मी फसले!"

अमलदारानं घोड्याकडे निघालेलं पाऊल मागे घेतलं.

"आणि काल भरदुपारी," ती पुढे म्हणाली, "हे थोरले पंच माझ्या घाण्यावर आले. गप्प बस म्हणाले, मागल्या दारानं साडेतीनशे देतो म्हणाले. पेढी रिकामी आहे ना? मग हे साडेतीनशे कुठल्या झाडाला लागले?"

पंचांनी हातातला हार खाली ठेवला आणि ते खेदानं हसले. "सरकार, बैल मेल्यापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. विचारा तिला, साक्षीदार आहे का कुणी?"

अमलदारानं विचारलं, "बाई, साक्षीदार आहे?"

कोंडाबाईनं मान खाली घातली. साक्षीदार एकच होता, आणि तो घरी पाठ करून बसला होता.

"मी होतो," मागून आवाज आला.

गर्दी बाजूला झाली. राणोजी लंगडत पुढे आला. पंचांकडे बघायची काही त्याला हिंमत झाली नाही, म्हणून तो अमलदाराच्या जोड्यांकडे बघत बोलला. "मी होतो तिथे. वर दहा रुपये झुलीला देतो म्हणाले. मी त्यांना देव म्हणालो. चुकलं माझं." आणि त्यानं अंगरखा खांद्यावरून खाली ओढून सोललेला खांदा दाखवला.

कोंडाबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि ती सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. यावेळी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात पारावरून कुणीतरी काठी टेकत उठलं. तो म्हातारा शिलेदार होता. "अरे, तीन लढायांत मी पाठ दाखवली नाही," तो खेकसला, "आणि दोन महिने या पारावर खोटे ढेकर देतोय! एका तेलणीनं मला लाजवलं. लिहा सरकार, माझे दीड हजार! सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या!"

मग कासारीण पुढे आली. सासू शेजारीच उभी होती, तिच्या देखत ती ओरडली, "माझे सहाशे!" सासूचा आ वासला तो मिटेना, आणि मग ती म्हातारी हळूच म्हणाली, "सरकार, माझेही दोनशे लिहा. हिला माहीत नव्हते." एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघी, आणि दोघींनी एकमेकींपासून लपवलं होतं! अख्खी चावडी हसली, पण ते हसणं निराळं होतं.

पंतोजी आले. "शहाणा म्हणवणारा मी," ते म्हणाले, "माझे नऊशे." सोनार आला. मग रांगच लागली. ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या तोंडून बाहेर पडत होता, आणि प्रत्येक आकड्याबरोबर थोरल्या पंचांचं तोंड आणखी आणखी पांढरं होत होतं. त्यांनी शेवटचं म्हणून पाहिलं, "अहो, गावाची अब्रू..." त्यावर शिलेदार म्हणाला, "गावाची अब्रू तुमच्या तळघरात पुरलीय. ती उकरायलाच आलोय आम्ही."

अमलदारानं घोड्याचं खोगीर उतरवायला सांगितलं. त्याला आणखी तीन दिवस राहावं लागलं, कारण लिहिणाऱ्याचा बोरू पुरेना. मग राजाची माणसं आली. पंचांची घरं खणली, पुरलेलं निघालं. घरं विकली, दागिने विकले, हत्तीही विकले. ते एवढं खाऊन गलेलठ्ठ झाले होते, की लाकूड ओढायला नेणाऱ्यांनी भाव पाडून मागितले. पाचही पंच बंदीखान्यात गेले, आणि मेव्हण्यालाही त्यांच्या सोबतीला धाडलं.

सगळं मिळालं का? नाही हो. गेलेला पैसा पुरता परत येतो, असं मी तुम्हाला सांगितलं तर ती थाप होईल. बरंचसं हत्तींच्या पोटात गेलं ते गेलंच. सगळं विकून, सगळ्यांना सारखं वाटून, रुपयाला अकरा आणे हातावर आले. कोंडाबाईला दोनशे तेहेतीस रुपये बारा आणे मिळाले. चांगला बैल त्यात बसेना. बाजारात शेवटी तिला एक कोवळा खोंड मिळाला. जू माहीत नाही, घाणा माहीत नाही, अंगात मात्र भारी मस्ती. त्याला शिकवण्यात पुढचे सहा महिने गेले. तोवर खांदा तिचा आणि राणोजीचाच.

खोंड घेऊन येताना वाटेत सोनार भेटला. तो चेष्टेनं म्हणाला, "कोंडाबाई, गप्प बसली असतीस तर साडेतीनशे मिळत होते की गं! आख्खा तयार बैल आला असता, झुलीसकट. हे काय वासरू घेऊन चाललीस?"

कोंडाबाई थांबली. खोंडानं हिसका दिला, तो तिनं सावरला.

"घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना झापड बांधतात, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "आपण जागच्या जागी फिरतोय, हे त्याला दिसू नये म्हणून. गप्प बसले असते, तर बैल आला असता खरा. पण मग झापड एकाच्या डोळ्यांवर नाही, तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर मी माझ्या हातानं बांधली असती, आणि वर त्याची झूल पांघरून मिरवले असते. मला नको तसला बैल. हा शिकेल. नाही शिकला, तर मी आहेच की ओढायला!"

सोनारालाही रुपयाला अकरा आणे मिळाले होते, आणि ते कुणामुळे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मुकाट्यानं खोंडाची दुसरी बाजू धरली आणि तो घाण्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेला.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: लाज लुबाडणाऱ्याची असते, लुबाडल्या गेलेल्यानं ती आपल्या डोक्यावर घेऊन तोंड लपवू नये.